बिराजदारांचं मोरपीस

बिराजदारांनी पहिल्या भेटीत माझा हात हातात घेतला नाही, कोपर घेतलं. डाव्या हातानं माझं मनगट धरलं, उजव्या हाताची बोटं कोपराच्या मागं नेली आणि तिथं हलकेच चाचपत विचारलं, "काय गुरुजी, बरं हाय न्हवं?" मी विरघळलोच. बार्शी सोडून भूमच्या पलीकडच्या त्या कोरड्या मुलखात नोकरीला येऊन मला दोन महिने झाले होते, आणि तोवर इतक्या आपुलकीनं माझी कुणी विचारपूस केली नव्हती. पुढं चार-सहा महिने हा माणूस भेटला की माझं कोपर दाबायचा आणि मी घरी येऊन सुमतीला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगायचो, "काय जीव लावतो गं हा माणूस!"

मग एकदा त्यांच्याच तोंडून कळलं, की महारोगात कोपरामागची शीर दोरीसारखी जाड होते आणि ते भेटेल त्याची ती शीर चाचपून बघतात. पाटलाची, तलाठ्याची, देवळातल्या गुरवाची, सगळ्यांचीच. माझा चेहरा पडलेला बघून ते मोठ्यानं हसले. "माया बी हुती की, गुरुजी. शीर पातळ लागली की मला लई बरं वाटतंय."

निजामाचं राज्य जाऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. जिल्हा हैदराबादेतून मुंबईत आला, मग महाराष्ट्रात आला, आणि एकाच शाळेत एकाच खुर्चीवर बसून मी तिन्ही राज्यांची नोकरी केली. बिराजदार मूळचे उमरग्याकडचे, लिंगायत. शिक्षण उर्दूत झालेलं. त्यामुळं त्यांच्या बोलण्यात मराठी, उर्दू आणि कानडी एकाच ताटात वाढल्यासारखी यायची. कुठल्याही बाईला ते 'अव्वा' म्हणत आणि एखादी गोष्ट सोडून द्यायची असली की हात झटकून 'बिडु' म्हणत. जाऊ दे, या अर्थानं. सरकारी दवाखान्यातर्फे सायकलवरून गावोगाव फिरायचं, महारोग झालेली माणसं हुडकायची आणि त्यांना गोळ्या पोचवायच्या, हे त्यांचं काम. लोक त्यांना डॉक्टर म्हणत. ते दर वेळी थांबून सांगत, "डॉक्टर न्हवं. कंपाउंडर बी न्हवं." तरी लोक डॉक्टरच म्हणत.

महारोग हा शब्द आमच्याकडं कुणी तोंडानं उच्चारत नसे. 'थोरला आजार' म्हणत, 'तसलं काहीतरी' म्हणत, नाहीतर नुसतीच बोटं आखडून दाखवत. बिराजदार मात्र ज्वारी, बाजरी म्हणावं तसा तो शब्द म्हणत. शाळेच्या पहिल्या तपासणीच्या दिवशी त्यांनी तो भर पटांगणात उच्चारला, तेव्हा कुंपणापाशी जमलेले बाप एकदम मागं सरकले. मी पोरांना रांगेत उभं केलं होतं, पण पोरं सदरे काढायला तयार होईनात. मारुती सुतार म्हणून एक तापट गृहस्थ होता, तो बाहेरून ओरडला, "आमची पोरं काय जनावरं हायत का उघडी करून बघायला?"

बिराजदारांनी सायकल भिंतीला लावली, काळा कोट काढला, सदरा काढला आणि सगळ्यांकडं पाठ करून उन्हात उभे राहिले. खांद्याच्या पात्याखाली तळहाताएवढा फिकट चट्टा होता. त्यांनी पिशवीतून एक मोरपीस काढलं, मागं न बघता हात लांबवला आणि म्हणाले, "मारुतराव, या. हे पीस घ्या आन माझ्या पाठीवर कुठं बी टेकवा. म्या डोळे मिटतो. मोर जिथं चोच लावंल तिथं म्या बोट ठेवतो."

मारुती आला. आता मागं कसा हटणार? त्यानं मानेवर पीस टेकवलं, बिराजदारांनी बरोबर तिथं बोट ठेवलं. कमरेवर टेकवलं, तिथंही बोट आलं. मग त्यानं चट्ट्यावर टेकवलं. बिराजदार तसेच उभे. त्यानं फिरवून बघितलं, दाबून बघितलं. शेवटी बिराजदारांनीच विचारलं, "मोर गेला का उडून?"

"तुमाला... तुमाला झालाय?" मारुतीनं पीस हातातून टाकलंच.

"झाला हुता. गोळ्यांनी गेला. चट्टा ऱ्हायला, नांगरून झालेल्या शेतात दगड ऱ्हातंय तसा. आता तुमच्या लेकराच्या पाठीवर मोर बसवू का?"

त्या दिवशी सगळ्या शाळेची तपासणी झाली. मी गेली कित्येक वर्षं मुलांपुढं उभा राहत आलो आहे, पण स्वतःची पाठ अशी उघडी करून शिकवणारा मास्तर मी दुसरा पाहिला नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, सांगायला लाज वाटते तरी. त्या संध्याकाळी ते आमच्या घरी चहाला आले. सुमतीनं कान तुटलेला एक कप वर फळीवर वेगळा ठेवला होता, तो काढला. मला तो दिसला आणि मी गप्प बसलो. बिराजदारांनी चहा घेतला, छान झाला म्हणाले, अंगणातल्या रांजणाजवळ जाऊन कप स्वतः विसळला आणि बाहेरच्या कोनाड्यात उपडा घातला. पुढं प्रत्येक खेपेला ते आपण होऊन त्या कोनाड्यातून कप घेऊनच घरात येत. कधी चकार शब्द नाही. आम्ही शिकलेली माणसं, घरात वर्तमानपत्र येणारी. तो कप अडीच वर्षं त्या कोनाड्यात होता.

त्यांची दुसरी सवय बुटांची. बिननाडीचे, जाड तळाचे काळे बूट वापरत. घालायच्या आधी प्रत्येक बूट उपडा करायचा, तीनदा आपटायचा, आत डोकावायचं, मग हात घालून बोटं फिरवायची. तेही डाव्या बुटाला जरा जास्तच. त्यांचा डावा तळपाय मुका होता. हा त्यांचाच शब्द. "खडा टोचलाय हे पायानं सांगायचं असतंय. माझा पाय मुका. मग त्याच्या वतीनं डोळ्यानं बघावं लागतंय." ते म्हणत, महारोगानं बोटं झडत नाहीत. महारोग फक्त दुखणं चोरतो. दुखत नाही म्हणून माणूस भाजलेलं बघत नाही, चिरलेलं बांधत नाही, आणि बोटं त्या जखमांपायी जातात. हे ऐकेपर्यंत दुखणं ही माणसाच्या भल्याची गोष्ट आहे असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

स्वतःविषयी ते एकदाच बोलले. शाळेच्या ओट्यावर बसून आम्ही भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो. मी विचारलं, हे मोरपीस कुठून पैदा केलं? तर म्हणाले, "रामलिंगाच्या रानातलं हाय. येडशीचं." बावीस वर्षांचे असताना, तहसील कचेरीत चिकटायच्या बेतात असताना, पाठीवरचा चट्टा घरात कळला. थोरला भाऊ जत्रेला म्हणून रामलिंगाला घेऊन गेला. देवदर्शन झालं. ओढ्याकाठी एका खडकापाशी भाऊ म्हणाला, थांब, आलोच.

"मग?"

"मग काय. भावानं थांब म्हटलं हुतं. म्या चांगला तीन दिवस थांबलो." ते शेंग फोडत हसले. "तीन दिवसांत एक मोर रोज समोर यायचा. जाताना त्याचं एक पीस पडलेलं घावलं, तेवढंच घिऊन उठलो."

त्यांनीच पुढं सांगितलं. त्या वेळी गोळी नव्हती. कडू कवठीचं तेल खुब्यात टोचत. ती सुई आठवली तरी अजून मांडी आखडते म्हणाले. आगगाडीत चढू देत नसत, पाणवठ्यावर येऊ देत नसत. "हा रोग लई जुना हाय, गुरुजी. पोथ्यांत हाय, किताबांत हाय. आन समद्या मुलखांत त्याच्यापुढं एकच लिवलंय, पाप. ज्याचा इलाज घावला न्हाय त्याला मानसानं पाप म्हणून ठिवलं. आता इलाज घावलाय, पर नाव काय पुसंना." आणि हात झटकून म्हणाले, "बिडु. शेंगा खावा."

आता गजराबाईंची गोष्ट सांगायला हवी, कारण बिराजदार मला खरे कळले ते तिथं.

गजराबाई आमच्या गावची आराधीण. आराधी म्हणजे तुळजापूरच्या आईची भक्तमंडळी. परडी घेऊन जोगवा मागायचा, गाणी म्हणायची, आणि नवरात्रात पोत खेळायचा. पोत म्हणजे चिंध्यांचा पीळ घालून केलेली जाड पेटती वात. ती हातात घेऊन संबळाच्या तालावर नाचायचं, अंगाभोवती फिरवायची. घरोघरच्या बायका वाटीतून तेल आणून पोतावर घालतात, म्हणजे तो विझत नाही. आणि आमच्या गावचा एक कडक नेम होता: पोत पेटता आहे तोवर त्याला कुणी पाठ दाखवायची नाही. अगदी पाटीलसुद्धा मागं-मागं पावलं टाकत बाजूला होत.

गजराबाई पंचेचाळिशीच्या असतील. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, पाठीशी भाऊ नाही. पण गावात मान असा, की नवी लेकरं आधी त्यांच्या पायावर घालत. कारण त्या नुसता पोत फिरवत नसत. आठव्या माळेला दुपारी मिरवणूक चावडीपुढं आली की त्या थांबत, पोत डाव्या हातात घेत आणि उजवा तळहात ज्वाळेवर धरत. लोक पाच वेळा 'आई राजा उदं उदं' म्हणेपर्यंत तो तिथंच असे. चेहऱ्यावर रेघ हलत नसे. मग त्या हात वर करून दाखवत आणि सगळं गाव वाकत असे. तळव्यावर पुढं फोड आला तर त्याला गाव 'देवीचं फूल' म्हणे. ते फूल पिकून फुटलं की त्यावर भंडारा भरत.

मीही वाकलो होतो. पहिल्या वर्षी तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

दुसऱ्या वर्षी त्या दिवशी बिराजदार गावात होते. चावडीपुढं माझ्या शेजारी उभे राहिले. गजराबाईंनी हात ज्वाळेवर धरला, तेव्हा त्यांनीही दोन्ही हात जोडले आणि जोडलेलेच ठेवले. मिरवणूक पुढं गेल्यावर हळूच म्हणाले, "गुरुजी, त्या अव्वाची करंगळी बघितली का? वाकलीय. सरळ हुईना."

मला कळायला क्षणभर लागलं. आणि कळल्यावर मी त्यांच्यावरच चिडलो. "तुम्हाला सगळीकडं तेच दिसतं का हो? सगळं गाव ज्या बाईच्या पाया पडतं..."

"म्या बी पडलो की आत्ताच," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गजराबाईंच्या घरी गेलो. मी सोबत नसतो तर त्यांना कुणी उंबऱ्याशी उभं केलं नसतं. बिराजदारांनी बाहेरच बसून पाणी मागितलं, प्यायले आणि सरळ सांगितलं, "अव्वा, तुमच्या उजव्या हातात मला महारोग दिसतोय. तपासू द्या."

गजराबाई संतापल्या. "माज्या सत्त्वावर बोट ठेवलालाव व्हय? आईनं राखलेला हात हाय ह्यो!"

"आईनं राखला असंल. म्या आईशी भांडायला आलो न्हाय." त्यांनी पिशवीतून काचेच्या दोन नळ्या काढल्या, चुलीवरचं कढत पाणी मागून दोन्हींत भरलं. "एक डाव्या हातात धरा, एक उजव्या. एवढंच करा. न्हाय पटलं तर म्या जातो."

त्यांनी धरल्या. डावा हात झटक्यात मागं आला, नळी मातीत पडली. उजवा हात नळी धरून तसाच होता. गजराबाई त्या हाताकडं बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "म्हंजी डाव्या हाताला आई सोडून गेली व्हय?"

मी दुसरीकडं बघू लागलो. बिराजदार म्हणाले, "न्हाय, अव्वा. डावा हात जित्ता हाय. उजव्याची शीर सुकलीया. पर हात आजून हातात हाय. ह्या जखमा अशाच व्हत ऱ्हायल्या तर बोटं जात्याल."

त्या लगेच सावरल्या. मोठ्या धोरणी बाई. म्हणाल्या, "गोळ्या द्या. पर म्या गावात आईचा अंगारा खाते म्हणून सांगनार. तुमी बी तसंच म्हणायचं."

"म्या गावात कायच सांगत न्हाय, ते तुमचं तुमी बघा. पर तुमच्यापुढं म्या गोळीला गोळीच म्हणनार आन महारोगाला महारोग."

"मग उठा," गजराबाई म्हणाल्या.

बिराजदार उठले. पण दर पंधरा दिवसांनी गावात आले की आधी त्या उंबऱ्याशी थांबत, पाणी मागत, पीत, जखम कशी आहे विचारत आणि निघत. गोळ्यांचं नाव काढत नसत. मार्गशीर्षात तळव्यातली ती जखम चिघळली. वास येऊ लागला. तेव्हा गजराबाईंनीच घमेल्यात कोमट पाणी आणून पुढं ठेवलं आणि हात त्यात सोडून बसल्या. बिराजदारांनी जखम धुतली, मेलेली कातडी कापली, पट्टी बांधली. आपल्या हातांनी, हातमोजे वगैरे काही नाही. त्या बाईंच्या अंगाला कुणाचा हात लागून किती वर्षं झाली असतील? पायाला रोज लागत होते. जाताना त्यांनी गोळ्यांची पुडी ओट्यावर ठेवली. गजराबाईंनी ती उचलून देवीच्या परडीत टाकली. बिराजदार म्हणाले, "परडीत ऱ्हाऊ द्या. त्यांना अंगारा म्हणू नका म्हंजी झालं."

जखम भरायला उन्हाळा लागला. गोळ्या चालू राहिल्या. पण आश्विन जवळ आला तसा आम्हा तिघांच्याही जिवाला घोर लागला. हात पुन्हा ज्वाळेवर गेला तर वर्षाची मेहनत पाण्यात, आणि या खेपेला बोटं वाचणार नाहीत असं बिराजदारांनी स्पष्ट सांगितलं होतं. हात ज्वाळेवर नाही गेला तर गाव विचारणार, का नाही? गजराबाई म्हणाल्या, "ह्यो हात हाय म्हून मला गाव हाय, डॉक्टर. गाव गेलं तर हात ठिवून करू काय?"

मी मास्तर. मला लगेच युक्ती सुचली. म्हटलं, "सोपं आहे. देवी स्वप्नात आली आणि आता पुरे म्हणाली, असं सांगा. गाव आणखीनच पाया पडेल."

गजराबाईंचा चेहरा उजळला. आणि बिराजदार चिडले. मी त्यांना चिडलेलं पाहिलं ते तेवढंच. आवाज मात्र चढला नाही. "गुरुजी, मला बी एकानं सोपंच सांगितलं हुतं. थांब, आलोच. खरं सांगितलं असतं तर म्या पहिल्याच दिवशी उठून दवाखान्याला गेलो असतो. तीन दिवस खडकावर बसलो नसतो." मग गजराबाईंकडं वळून म्हणाले, "अव्वा, स्वप्न सांगायचं तर सांगा, म्या आडवा येत न्हाय. हात तुमचा, गाव तुमचं. मला फकस्त ज्वाळेवर हात दिसू नये."

आठवी माळ आली. चावडीपुढं नेहमीसारखी गर्दी. बिराजदार माझ्या शेजारी, गेल्या वर्षीच्याच जागी. सुमती पुढं बायकांत, हातात तेलाची वाटी घेऊन. गजराबाई आल्या, थांबल्या, पोत डाव्या हातात घेतला. संबळ घुमायला लागला. लोकांनी 'आई राजा' म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांनी उजवा हात वर केला, पंजा सगळ्यांकडं करून. संबळवाला थांबला.

"ह्यो हात बघा," त्या म्हणाल्या. "ह्याला चटका लागत न्हाय. म्या म्हनत हुते आईचं सत्त्व हाय. सत्त्व न्हवं. महारोग हाय ह्यो. वरीस झालं गोळ्या खालाले, जखम भरलीया. आईच्या म्होरं खोटं बोलून आजपून हात धरनार न्हाय."

गर्दीतून एक हुंकार उठला, आणि मग मला दिसलं की त्या बाईनं काय केलं होतं. पोत पेटता होता. कुणालाच पाठ फिरवता येत नव्हती. हे बिराजदारांनी शिकवलेलं नव्हतं, मीही नाही. ते तिचं स्वतःचं डोकं. सगळं गाव जागच्या जागी खिळून तिच्या तोंडाकडं बघत उभं होतं, पळून जायची कितीही इच्छा असली तरी.

पण पोताला तेल लागतं. एकही बाई पुढं होईना. ज्वाळा ठेंगणी होत चालली, काजळी वाढली. विझला की सगळी मोकळी. वळायचं, घरी जायचं, आणि उद्यापासून त्या उंबऱ्याकडं फिरकायचं नाही. गजराबाई पोत छातीशी धरून उभ्या होत्या. पीळ चरचरत होता. मी बिराजदारांना ढोसलं, "अहो जा ना, तुम्ही घाला तेल."

ते हलले नाहीत. हात जोडलेले, डोळे भरलेले. "माझ्या तेलाचा काय उपेग, गुरुजी? म्या तर आधीच त्यांचा हाय. गावाचं तेल पायजे."

मी कुणाकुणाची तोंडं बघितली, पण मी काही पुढं झालो नाही, हे इथं लिहून ठेवतो. पुढं झाली सुमती. वाटी दोन्ही हातांत धरून ती गजराबाईंच्या अगदी जवळ गेली, धार धरली आणि ज्वाळा भसकन उठली. मग तिनं गजराबाईंच्या उजव्या हाताला, उजव्याच, आपलं कपाळ लावलं. तिच्यामागं मारुती सुताराची म्हातारी आई काठी टेकत आली. मग आणखी दोघी. सगळं गाव आलं असं मी म्हणणार नाही. पण पोत विझला नाही, वेशीपर्यंत गेला.

त्या संध्याकाळी बिराजदार चहाला आले, गजराबाईंनाही सुमतीनं बोलावलं होतं. कोनाड्यात हात घातला तर कप नव्हता. सुमतीनं चार सारख्या कपांत चहा आणला, एक गजराबाईंना. बिराजदारांनी कप फिरवून-फिरवून त्याचा कान बघितला आणि सुमतीला म्हणाले, "अव्वा, आज चहात साखर जास्त पडली."

मला वाटलं होतं सगळं एका दिवसात सरळ होईल. तसं होत नाही. दोन वर्षं लेकरं गजराबाईंच्या पायावर कुणी घातली नाहीत. जोगव्याला काही दारं बंद झाली. पण त्या तिथंच राहिल्या, त्याच घरात, त्याच गावात, आणि पोत त्यांच्याच डाव्या हातात राहिला. गोळ्या पाच-सहा वर्षं चालल्या. मग बिराजदारांनी एके दिवशी आता पुरे म्हणून सांगितलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात. प्रत्येक गावाचा निरोप घेत फिरत होते. गजराबाईंनी त्यांना जेवायला बोलावलं, मलाही. चुलीपुढं त्या भाकरी करत होत्या. आमच्याकडच्या बायका तव्यावरची भाकरी हातानंच उलटतात. त्या उलथन्यानं उलटत होत्या, आणि तवा उतरवायला चिंधी घेत होत्या. बिराजदार भाकरीपेक्षा तेच डोळे भरून बघत होते.

जेवण झाल्यावर त्यांनी पिशवीतून मोरपीस काढलं. पार झिजलेलं, डोळा तेवढा शिल्लक राहिलेला. "अव्वा, एकदा डोळे मिटा."

गजराबाईंनी डोळे मिटून उजवा तळहात पुढं केला. बिराजदारांनी पीस तळव्यावर टेकवलं, बोटांवरून फिरवलं, करंगळीपाशी थांबवलं, पुन्हा परत आणलं. गजराबाई वाट बघत बसल्या होत्या, शाळेतल्या पोरीसारख्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मोर आला न्हाय का आजून?"

"आला हुता, अव्वा. गेला."

त्यांनी डोळे उघडले. हात उलटासुलटा करून बघितला, पाचही बोटं मोजल्यासारखी हलवली. "जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "हात तर हाय." बिराजदारांनी या खेपेला 'बिडु' म्हणून हात झटकला नाही. त्यांनी पीस गजराबाईंच्या परडीत ठेवलं आणि घाईघाईनं उठले.

बाहेर येऊन बूट घातले, सायकल काढली, माझं कोपर धरलं, नेहमीसारखं चाचपलं आणि निघाले. दहा-पंधरा पावलं गेले असतील, तोच गजराबाई उंबऱ्यातून ओरडल्या, "ओ डॉक्टर! आत बघितलं का?"

ते थांबले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते बघायला विसरले होते. सायकल अंगावर तोलत त्यांनी डावा बूट काढला, उपडा केला, तीनदा आपटला, आत बोटं घातली. मग वाकून तळपायातून काहीतरी उपटलं आणि आम्हाला दिसावं म्हणून हात उंच केला. चिमटीत बाभळीचा बोटभर काटा होता.